वाटण्याचे चिन्ह



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा गाजलेला संप किंवा कामगार चळवळीतील एखादे पर्व असावे. आम्ही निवडलेला विषय मात्र नखाएवढा आहे. मोबाईलच्या पडद्यावर पत्राच्या किंवा बातमीच्या खाली एक बारीकशी खूण असते. ती दाबली म्हणजे समोरचा मजकूर दुसऱ्याकडे धाडता येतो. या क्रियेला आता सगळेच ‘शेअर करणे’ म्हणतात. त्या खुणेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. विषय लहान दिसला तरी त्यात गुंतलेला प्रश्न लहान नाही, हे शेवटी आपणांस पटेल अशी आमची उमेद आहे.

हा विषय आमच्या गळ्यात कसा पडला ते आधी सांगितले पाहिजे. आमची संघटना दर महिन्याला सभासदांसाठी एक पत्रक काढते. १९९० च्या सुमारास आम्ही चळवळीत पडलो तेव्हा हे पत्रक स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर निघे. हात शाईने बरबटत, आणि पाळी सुटावयाच्या वेळी आम्ही गेटवर उभे राहून ते वाटीत असू. आता पत्रक ई-मेलने जाते. हजारो पत्त्यांवर एकदम पत्रे धाडणारी जी तयार यंत्रणा व्यापारी मंडळी जाहिरातीसाठी वापरतात, तीच आम्हीही भाड्याने घेतली. त्या यंत्रणेत पत्राच्या तळाशी ‘शेअर’ची खूण ठेवण्याची सोय होती, आणि कोणती खूण ठेवावी हे आमचे आम्ही ठरवावयाचे होते.

कार्यकारिणीच्या त्या बैठकीत वेतनकराराचा विषय अर्ध्या तासात आटोपला आणि या खुणेवर दोन तास गेले. पहिली खूण होती तीन ठिपक्यांची; एका ठिपक्यापासून दोन रेघा फुटून दोन ठिपक्यांना मिळालेल्या. आमचे एक जुने फिटर म्हणाले, “ही तर बेचकी.” दुसरी खूण चौकोनातून वर निघालेल्या बाणाची. गोदामात काम केलेला एकजण म्हणाला, “माल वर चढवा, असा याचा अर्थ.” तिसरा बाण उजवीकडे वळलेला होता, तो वाहनचालकांना गाडी वळविण्याच्या पाटीसारखा वाटला. चौथी खूण अधिकची होती, तिला तिघांनी एकमुखाने दवाखाना म्हटले. हशा झाला. तेवढ्यात कंत्राटी कामगारांतून नुकत्याच निवडून आलेल्या एक भगिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, “भाऊ, खूण कोणतीही ठेवा. पण ती मी दाबली, तर मीच दाबली हे कुणाला कळतं का?”

हशा थांबला. आमच्यापाशी उत्तर नव्हते. “शोधून सांगतो,” असे म्हणून आम्ही बैठक संपविली. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर झाले. त्याच सवयीने आम्ही याही प्रश्नाच्या मागे लागलो. जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत ‘वाटणे’ या एकाच क्रियापदात दोन निराळे व्यवहार आहेत. भाकरी वाटली म्हणजे आपल्या ताटातली कमी होते. पत्रके वाटली म्हणजे आपले काही कमी होत नाही. उलट एकाचे म्हणणे शंभरांपर्यंत जाते. इंग्रजी शब्दाचीही गोष्ट तशीच. त्याच्या मुळाशी कापून भाग पाडण्याचा अर्थ आहे. म्हणूनच कंपनीच्या भांडवलातील हिश्शालाही शेअर म्हणतात, आणि आपल्याकडे पुष्कळांनी तो शब्द प्रथम ऐकला तो शेअरबाजाराच्या संदर्भात. हिस्सा करणे, मालकी असणे आणि सांगत सुटणे, हे तीन अर्थ एका शब्दाच्या पोटात आहेत. त्यांपैकी कोणत्या अर्थाचे चित्र काढावयाचे?

चित्रखूण म्हणजे काय, हे आपल्या देशात कोणाला शिकवावे लागत नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते, आणि १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवण्यात आली आणि त्या पेटीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. बैलजोडी, झोपडी, दिवा ही चिन्हे पाहून ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनी राज्यकर्ते निवडले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ही सारी वस्तूंची चित्रे आहेत. बैल काढता येतो, दिवा काढता येतो. ‘देणे’, ‘सांगणे’, ‘पुढे धाडणे’ या क्रिया आहेत, आणि क्रियेला स्वतःचे रूप नसते.

ही अडचण ज्यांनी प्रथम पद्धतशीरपणे हाताळली त्यांत व्हिएन्ना शहरातील ऑटो नॉइराथ याचे नाव पुढे येते. १९२५ साली त्याने तेथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय काढले. त्यास नगरपालिकेचा पाठिंबा होता आणि कामगार संघटनांचाही होता. घरे किती बांधली, बेकार किती झाले, बालमृत्यू किती घटले, हे आकडे कामगाराला एका दृष्टिक्षेपात कळावेत हा हेतू. संख्या दुप्पट झाली तर चित्र मोठे काढावयाचे नाही, तेच चित्र दोनदा काढावयाचे, हा त्याचा नियम. चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ याने काढलेली बेकार माणसाची आकृती आम्ही पाहिली आहे. खिशात हात घालून तो माणूस नुसता उभा आहे. बेकारी ही वस्तू नव्हे, पण ती उभे राहण्याच्या ढबीतून दाखविता आली. १९३४ साली व्हिएन्नातील लोकशाही मोडून पडली, संग्रहालय बंद झाले आणि ही मंडळी प्रथम हॉलंडात व नंतर नॉइराथ इंग्लंडात गेला. चित्रभाषा शब्दांची जागा घेईल असा त्याचा दावा नव्हता. तिला तो शब्दांच्या मदतीची भाषा मानीत असे. ही गोष्ट पुढच्या अनेकजणांनी विसरून टाकली, आणि ती आम्हांस शेवटी उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी अमेरिकेतील. तेथील वाहतूक खात्याने विमानतळ आणि स्थानके यांसाठी चिन्हे करविली. १९७४ साली त्यांतील पहिली चौतीस प्रसिद्ध झाली. चिन्हांची निवड करणाऱ्या समितीने प्रत्येक खुणेस तीन प्रश्न विचारले. हिचा अर्थ लागतो काय? शेजारच्या खुणांशी ही जुळते काय? जेथे लावावयाची तेथे ही दिसते काय? तिचा एक निष्कर्ष आमच्या विषयाला थेट लागू आहे. दूरध्वनी किंवा बस यांसारख्या वस्तूने दाखविता येणाऱ्या सेवेची खूण चांगली चालते. तिकीट काढणे यांसारख्या, माणसामाणसांत घडणाऱ्या व्यवहाराची खूण फारशी चालत नाही. ही सारी चिन्हे सर्वांना फुकट वापरता यावीत अशी ठेवली गेली, म्हणूनच ती जगभर गेली.

याच काळात ई-मेल जन्माला आले. रे टॉमलिन्सन याने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडला आणि पत्त्यात माणूस व यंत्र यांच्या मध्ये ‘ॲट’चे चिन्ह घातले. ते चिन्ह त्याने नव्याने काढले नाही. टंकयंत्राच्या पाटीवर ते होतेच, व्यापारी हिशेबात दर दाखविण्यासाठी वापरले जाई. १९७५ साली जॉन व्हिटल याने लिहिलेल्या कार्यक्रमात आलेल्या पत्रास उत्तर देण्याची आणि ते पुढे धाडण्याची सोय झाली. म्हणजे वाटण्याची क्रिया तेव्हापासूनच आहे, पण तिला चित्र नव्हते. आज्ञा टंकून द्यावी लागे. तीन वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या गॅरी थर्क याने सुमारे चारशे लोकांना न विचारता एकच जाहिरात धाडली. तक्रारी झाल्या. पण घाऊक जाहिरातपत्रांचा धंदा ज्या वाटेने पुढे गेला तिची सुरुवात तेथे आहे.

संगणकाच्या पडद्यावर चित्रे बाजारात आणण्याचा मान १९८१ सालच्या झेरॉक्स स्टार या यंत्राला द्यावा लागतो. त्या मंडळींनी चित्रांचे चार वेगवेगळे संच काढून ते लोकांवर पारखले आणि मग एक निवडला. त्यात पत्र धाडण्याची तऱ्हा आम्हांस फार आवडली. आपल्या जुन्या कचेरीत टेबलावर आवक आणि जावक असे दोन ट्रे असत ना, तसेच दोन ट्रे त्यांनी पडद्यावर काढले. कागदाचे चित्र उचलून जावक ट्रेवर ठेवले की कागद गेला. क्रियेचे चित्र काढता येत नाही, तर ती क्रिया ज्या वस्तूपाशी घडते तिचे चित्र काढावे, ही त्यातील युक्ती. कारकुनाला ती शिकवावी लागली नाही. परंतु जावक ट्रे एका पत्त्यावर एक कागद धाडण्यास पुरतो. सगळ्या ओळखीपाळखीच्या लोकांपुढे एकदम मजकूर ठेवण्याची क्रिया कोणत्याही कचेरीत नव्हती. तिच्यासाठी टेबलावर वस्तूच नव्हती.

फेसबुक २००४ साली आणि ट्विटर २००६ साली निघाले, आणि ही नवी क्रिया घरोघर आली. त्या दशकाच्या अखेरीस जाहिरातपत्रे धाडणाऱ्या कंपन्यांना उमजले, की पत्र मिळालेल्या माणसाने ते आपल्या मंडळींपुढे ठेवले तर फुकटात जाहिरात होते. त्यापूर्वी पत्राखाली ‘मित्राला पाठवा’ अशा अर्थाचे शब्द असत. आता तेथे खूण हवी झाली. प्रश्न आला की कोणती?

येथे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. पहिली एकोप्याची आहे. एखाद्या संकेतस्थळावरील नवा मजकूर आपोआप मिळण्याची एक सोय होती. तिच्यासाठी कोणी नारिंगी चौकोनात एक अक्षरे घाली, कोणी दुसरी. फायरफॉक्स या न्याहाळकासाठी स्टीफन हॉरलँडर याने त्याची एक खूण काढली होती. कोपऱ्यात एक ठिपका आणि त्याच्यापासून पसरणाऱ्या दोन कमानी. डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की आपणही तीच खूण वापरणार. फायरफॉक्स हा मायक्रोसॉफ्टचा उघड प्रतिस्पर्धी होता. तरीही निराळी खूण काढून लोकांना बुचकळ्यात टाकण्यापेक्षा असलेली घेणे शहाणपणाचे ठरले, आणि मालकीची अडवणूक कोणी केली नाही. दुसऱ्या वर्षी ओपेरानेही तीच घेतली. बाजारातही असे घडू शकते, हे आमच्यासारख्या बाजाराकडे संशयाने पाहणाऱ्या माणसानेही कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट आमच्या खुणेची आहे. वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालविण्याची खुली यंत्रणा ज्यांनी आरंभी घडविली त्यांपैकी ॲलेक्स किंग हा एक. कोलोरॅडो राज्यात तो राही. २००६ साली त्याने ‘शेअर धिस’ नावाची एक जोड तयार केली आणि तिच्यासाठी शेअरची खूण काढली. तीन ठिपके आणि दोन रेघा, म्हणजे आमच्या फिटरची बेचकी, ती ही. एकापासून अनेकांकडे जाणे तिच्यात दिसते. पुढच्याच वर्षी ती जोड आणि ती खूण यांचे हक्क एका कंपनीकडे गेले. ‘शेअरधिस’ हे कंपनीचेच नाव झाले आणि खूण तिची नाममुद्रा बनली. किंग २०१५ साली तरुण वयातच कर्करोगाने वारला. त्याने खूण विकली यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्याने घाम गाळला त्याला मोल मिळावे हे आम्हीच आयुष्यभर म्हणत आलो. पण परिणाम पाहा. वाटण्याचे चिन्ह एका कंपनीच्या पाटीवर गेल्यावर दुसऱ्याने ते आपल्या दारावर का लावावे? शेअर या शब्दातील मालकीचा अर्थ येथे सांगण्याच्या अर्थावर मात करून बसला.

मग जो तो आपली खूण काढू लागला. ॲडधिस या कंपनीने नारिंगी रंगावर अधिकचे चिन्ह ठेवले. आणखी एका कंपनीने एका हातातून दुसऱ्या हाती वस्तू जात असल्याचे चित्र काढून ते खुले केले. २०११ साली गूगलने अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीत तीन ठिपके घेतले. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आठव्या आवृत्तीत वर्तुळावर ठिपके बसविले. २०१३ साली ॲपलने आपल्या फोनवर चौकोनातून वर निघणारा बाण आणला. त्याआधी त्याच कंपनीचा बाण उजवीकडे वळत असे. म्हणजे एकाच घरातही एकवाक्यता नव्हती. जाहिरातपत्राच्या यंत्रणेपुढे अडचण अशी की पत्र कोणत्या फोनवर उघडेल हे तिला ठाऊक नसते. एकाला जी खूण ओळखीची ती दुसऱ्याला परकी.

या खुणांकडे वरचेवर पाहता आमच्या असे ध्यानात आले, की त्यांत भेद केवळ रेघांचा नाही, उभे राहण्याच्या जागेचा आहे. चौकोनातून निघणारा बाण यंत्राच्या जागेवरून बोलतो. या डबीतून काहीतरी बाहेर चालले आहे, एवढेच तो सांगतो. तीन ठिपके जाळे विणणाऱ्याच्या जागेवरून बोलतात. त्याला वरून ठिपके दिसतात, माणसे दिसत नाहीत. अधिकचे चिन्ह हिशेबनीसाचे आहे. संख्या वाढली याचा त्याला आनंद. हातातून हाती जाणारी वस्तू तेवढी माणसाच्या उंचीवरून काढलेली आहे, आणि तीच सर्वांत कमी चालली. नखाएवढ्या जागेत दोन हात काढले तर ते हात म्हणून ओळखू येत नाहीत, हे तिचे दुर्दैव. परंतु या सर्वांत एक गोष्ट समान आहे. देणारा आणि घेणारा यांच्या बाजूला उभा राहून जो टिपून ठेवतो, तो यांपैकी एकाही चित्रात नाही. आमच्या भगिनीने नेमके त्याच्याविषयी विचारले होते.

त्याविषयी जे कळले ते सांगतो. २०१४ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि बेल्जियममधील ल्यूव्हन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी एक लाख संकेतस्थळे तपासली. वाचकाच्या संगणकाला गुपचूप एक अदृश्य चित्र काढावयास लावावयाचे आणि त्या चित्रातील बारीक फरकांवरून तो संगणक पुन्हा ओळखावयाचा, अशी एक युक्ती पाच हजारांहून अधिक स्थळांवर आढळली. त्यांतील बहुतेक ठिकाणी ती आली होती ॲडधिसच्या वाटण्याच्या बटणाबरोबर. कंपनीने तो प्रयोग असल्याचे सांगितले. २०१६ साली ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली आणि मे २०२३ अखेर तिची ती सेवा बंद झाली. बटण फुकट का मिळत होते, याचा उलगडा या इतिहासात आहे.

ई-मेलमध्ये तर युक्तीचीही गरज नाही. घाऊक पत्रे धाडणारी यंत्रणा प्रत्येक सभासदाच्या पत्रातील दुव्यास वेगळा क्रमांक देते. आपणांस सर्वांना एकच पत्र आलेले दिसते, पण दुवे प्रत्येकाचे निराळे असतात. कोणी कोणता दुवा केव्हा दाबला हे नावानिशी नोंदले जाते. पत्र उघडले हे कळावे म्हणून त्यात डोळ्यांना न दिसणारे एक सूक्ष्म चित्रही ठेवतात. ते मागविले गेले की नोंद होते. इतकेच काय, सभासदाने तेच पत्र शेजाऱ्याला पुढे धाडले आणि शेजाऱ्याने दुवा दाबला, तर नोंद पहिल्याच्या नावावर पडते.

हे वाचताना आम्हांस आमच्या आरंभीच्या दिवसांतले एक गेट आठवले. पत्रक वाटावयास आम्ही बाहेर उभे असू आणि आत चौकीत एक पहारेकरी वही घेऊन बसे. ज्याने पत्रक घेतले त्याचा बिल्ला क्रमांक तो लिही. महिनाअखेरीस त्यांतील काही बदली कामगारांना काम मिळेनासे झाले. कारण कोणी सांगितले नाही, आणि सिद्धही करता आले नाही. तेव्हापासून आम्ही पत्रके गेटवर देणे सोडून स्टेशनच्या वाटेवर, गर्दीत देऊ लागलो. ती वही आम्ही जन्मभर विसरलो नाही.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते. तिच्या मालकाला कळत नाही; कंपनीच्या संगणकावर पत्र उघडले असेल तर गोष्ट वेगळी. पण कोणाला तरी कळतेच. यंत्रणा भाड्याने देणाऱ्या कंपनीला कळते, आणि आम्हांला कळते. आम्ही यंत्रणेत शिरून पाहिले, तो आमच्या नावाने एक तक्ता तयार होता. कोणत्या सभासदाने पत्र कितीदा उघडले, कोणी काय दाबले, सारे दिवस-वेळेसह. आम्ही तो मागितला नव्हता; तो आपोआप भरत होता. बंधूंनो, पहारेकऱ्याची वही आमच्याच हाती आली होती. उद्या हा तक्ता कोणी चोरला, किंवा आमच्यातलाच एखादा फुटला, तर तो वहीपेक्षा शंभरपटीने उपयोगी पडेल.

आणखी एका घटनेचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून हातोहात पसरत होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाचजणांना ठार मारले. ते पोटासाठी गावोगाव फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले गरीब लोक होते. देशात इतरत्रही असे प्रकार घडले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या मजकुरावर तशी पाटी लावण्यास सुरुवात केली, भारतात एका वेळी पाचाहून अधिक ठिकाणी धाडण्यास बंदी घालण्याचे ठरविले, आणि चित्रांशेजारी असलेली झटपट पुढे धाडण्याची खूण भारतापुरती काढून टाकण्याचे जाहीर केले. दोष एकट्या खुणेचा नव्हता. हात माणसांचेच होते. पण एका खुणेमुळे हात किती सहज चालतो, हे ती काढून घेणाऱ्यांनीच मान्य केले. खूण निवडणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते हे आम्ही त्या बातमीतून शिकलो.

आता आम्ही काय ठरविले ते सांगून आपली रजा घेतो. पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे कार्यकारिणीपुढे मांडले. प्रथम तो तक्ता बंद केला. उघडल्याची आणि दाबल्याची नोंद थांबविण्याची सोय यंत्रणेत होती. ती शोधावी लागली इतकेच. किती लोकांनी पत्रक वाचले हे आता आम्हांस कळत नाही. गेटवर वाटीत होतो तेव्हाही ते कळत नव्हते, आणि संघटना चालत होती.

मग खूण. तीन ठिपक्यांचे रूप गूगलने २०१४ साली आपल्या चिन्हसंग्रहासह खुले केले असल्याने आता ते कोणालाही वापरता येते. कंपन्यांच्या ओढाताणीत सापडलेली ही आकृती अखेर बरीचशी सर्वांची झाली आहे. आम्ही तीच घेतली. पण ती एकटी ठेवली नाही. पुष्कळांच्या ई-मेलमध्ये चित्रे आपोआप उघडत नाहीत. आउटलुकने तर २००३ सालच्या आवृत्तीपासूनच बाहेरून येणारी चित्रे रोखून धरली. अशा वेळी खुणेच्या जागी कोरा चौकोन उरतो आणि शब्द तेवढे दिसतात. नॉइराथ चित्रांना शब्दांचे साहाय्य मानीत असे. आम्ही शब्दांना चित्रांच्या साहाय्याला दिले. खुणेशेजारी लिहिले, ‘सोबत्याला दाखवा’. ‘शेअर’ हा शब्द घातला नाही. आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ, ‘तुम्ही हे कोणाला दाखविले याची नोंद संघटना ठेवीत नाही.’

हे ठरल्यावर आम्ही त्या भगिनीकडे पाहिले. ती म्हणाली, “भाऊ, ही ओळ बारीक कशाला? तीच मोठी करा.”

सूचना मतास टाकली. ती एकमताने संमत झाली, आणि पुढच्या महिन्याच्या पत्रकापासून ती ओळ ठळक अक्षरांत जात आहे.